भिंगरीचं काचेचं भांडं

ता. ६ जून

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील, निदान चिठ्ठीवरून तरी तसं वाटलं. चिठ्ठी होतीच केवढी म्हणा. 'नमस्कार. माझं काचेचं भांडं तुमच्याकडे राहिलं आहे. सवडीनं पाठवावं. काळजी घ्या.' वीज तोडायच्या नोटिशीत याहून जास्त मजकूर असतो.

आणि वर नुसता नमस्कार. कुणाला, ते नाही. तू ह्या घरात होतीस तेव्हा चप्पल काढायच्या आधी दारातूनच 'आई' म्हणून हाक मारायचीस. मग कोर्टात तुमच्या दोघांच्या सह्या झाल्या, तू तुझ्या घरी गेलीस, आणि आता मला काय म्हणायचं हा प्रश्न तुला पडला असणार. मलाही पडलाय, म्हणून रागावले नाही. पण थोडी जागा तरी सोडायचीस. माझं मी काहीतरी भरलं असतं.

पत्रास कारण, भांडं. ते सुखरूप आहे. तू सामान नेलंस त्या दिवशी ते फ्रिजमध्ये होतं आणि त्यात तू आदल्या दिवशी केलेलं ते चॉकलेटच्या बिस्किटांचं गोड होतं. त्याचं खरं नाव काय कुणास ठाऊक, आपल्याकडे सगळे त्याला 'थर' म्हणायचे. खोक्यात भरताना तू फ्रिज उघडलास, भांड्याकडे पाहिलंस आणि पुन्हा बंद केलास. मी दारात उभी होते. ते संपल्यावर भांडं घासून, जुन्या मऊ कापडात गुंडाळून वरच्या कपाटात ठेवलं. त्यानंतर एकदाही वापरलं नाही.

आता अडचण सांगते. आमच्या घरात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. माझी आई शेजारणीची वाटी परत करताना घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालून द्यायची, पण रिकामी द्यायची नाही. तेव्हा तुझं भांडं पाठवायचं तर भरून पाठवायला हवं, आणि त्यात दुसरंतिसरं काही घालायला माझा हात होत नाही. तर थर कसे करतात ते सविस्तर लिही.

तू म्हणायचीस, सोप्पं आहे, ओव्हन नको, गॅसही नको, नुसते थर लावायचे आणि फ्रिजला काम सांगायचं. मी नाक मुरडायचे. ज्याला आच लागत नाही तो कसला पदार्थ, असं म्हणत म्हणत दोनदा वाढून घ्यायचे. तेव्हा बघून ठेवलं असतं तर आज विचारायची वेळ आली नसती.

हे तुझी आठवण काढतात. लिफ्ट दुरुस्तीची नोकरी सुटली तरी सवय सुटलेली नाही. कुठल्याही इमारतीत गेले की लिफ्टच्या आवाजाला कान देऊन उभे राहतात आणि अनोळखी माणसांना सांगतात की वंगण कमी पडलंय. भिंगरी हे नाव तुला त्यांनीच दिलं होतं, ते सोडायला तयार नाहीत. मीही दुकान बंद केलंय. मशीन खिडकीपाशी आणून ठेवलंय. शेजारपाजारचे पडदे, उशांचे अभ्रे, एवढंच शिवते. तू तुझ्या दुकानात करून दिलेला चष्मा अजून तोच आहे, पण नंबर वाढला असावा. ओळी तिरक्या गेल्या तर सांभाळून घे.

फोन का नाही केला विचारशील. फोनवर तू 'हॅलो' म्हणालीस की मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून हे.

तुझ्या भांड्याची राखणदार

*

ता. १९ जून

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड पोचलं. कृती वाचून मला वाटलं, हे तर लहान मूलही करील. तेव्हा आधी सांगून ठेवते, हसायचं नाही.

तू लिहिलंस, चॉकलेटची बिस्किटं दुधात बुडवून घ्यावीत. मी आयुष्यभर काय केलं? नवं अस्तर आधी भिजत घातल्याशिवाय कापडाला लावलं नाही. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळा पोशाख गोळा होतो. दुकानात पोरींना मी ओरडून ओरडून सांगायचे, भिजवायचं म्हणजे भिजवायचं, नुसतं पाणी दाखवायचं नाही. तोच हात माझा. मोठ्या पातेल्यात दूध घेतलं, सगळी बिस्किटं त्यात सोडली, वर ताटली झाकली आणि शेजारणीच्या पडद्याची शिवण घालायला बसले.

परत येऊन बघते तर बिस्किटं नाहीतच. तपकिरी चिखल. मी पातेलं घेऊन तशीच उभी. हे आले, वाकून बघितलं, चमचा घेतला आणि खायला लागले. म्हणाले, भिंगरीचं असंच लागायचं की. ह्या माणसाला मी इतकी वर्षं मन लावून जेवू घातलं, ते कुणासाठी, असं वाटलं त्या क्षणी.

मग तुझं कार्ड पुन्हा वाचलं. 'बुडवून लगेच काढावीत.' लगेच हा शब्द होता. चष्म्याचा दोष.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. एक एक बिस्किट बुडवायचं, काढायचं. पहिला थर लावला आणि पुढची पंचाईत. भांडं चौकोनी, बिस्किटं गोल. मध्ये फटी राहतात, कडेला राहतात, कोपऱ्यात तर बोट जाईल एवढी जागा. मला चैन कसं पडणार? टेप आणली. कोपरे मापले, कागदावर आकार काढले, आणि धारदार सुरीनं बिस्किटं त्या आकारात कापायला बसले. कोरडी कापली तर तुटायची, ओली कापली तर लोळायची. तोवर क्रीम फेटून ठेवलेलं पातळ झालं. चॉकलेट पुडिंगवर साय धरली. सगळी दुपार त्यात गेली आणि झालं काय, तर एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार. काचेतून सगळं दिसतं ना. हे म्हणाले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की अशी दिसते.

चवीला बरं झालं होतं. पण तुझ्या भांड्यातून तुला तिरके थर कसे पाठवू? थोरल्या लेकीच्या जुळ्यांनी येऊन ते फस्त केलं. थोरलीही तुझी विचारपूस करत होती. तू तिला अजून ताई म्हणतेस का, असं मला विचारत होती. मी कुठून सांगणार.

तर तू फटींचं काय करायचीस ते कळव. काचेतून कधी एक फट दिसली नाही मला तुझ्या थरांत.

बाकी घरात नेहमीचंच. जुलैत सगळे जमायचे आहेत, दरवर्षी जमतात तसे. यंदा माणसं जरा जास्त आहेत. खुर्च्या मागवाव्या लागतील असं दिसतंय. हे गच्ची धुऊन घेणार म्हणत होते, पण ह्यांच्या म्हणण्यावर काय. बाकी सगळे बरे आहेत.

आणखी काय लिहू. जागा उरलीय पण सुचत नाही.

तुझी, राखणदारच अजून

*

ता. २ जुलै

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी आधी ह्यांना वाचून दाखवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीनं वाचलं.

फटींचं तू लिहिलंस ते वाचून कपाळावर हात मारला. म्हणे, तुटलेली बिस्किटं टाकायची नाहीत, तीच फटींत दाबायची. मापायचं काही नाही, वरून क्रीम आलं की सगळं एक होतं. एवढंच? आणि मी टेप घेऊन बसले होते. पाकिटात तुटकी निघाली तर मी बाजूला काढत होते, वाईट दिसतील म्हणून.

पण पुढची ओळ. 'तुम्ही दोन पानं लिहिता आणि शेवटी सगळे बरे आहेत म्हणता. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय झालंय?' माझीच म्हण माझ्यावर. तुला ती मीच शिकवली असणार, तू आलीस तेव्हा तुला म्हणी कुठं येत होत्या. वर मात्र ह्याही वेळी नुसता नमस्कार.

सांगते. थांब, चहा ठेवते आणि मग सांगते.

माझा मुलगा लग्न करतोय.

लिहिलं एकदाचं. दोन पत्रं मी त्याचं नावच काढलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. बाहेरून कुणीतरी तुला सांगण्याआधी मीच सांगावं असं ठरवलं होतं, आणि दर वेळी मधे बिस्किटं आली. ती दातांची डॉक्टर आहे. जुलैत सगळे जमतील तेव्हा ती सगळ्यांना पहिल्यांदा भेटणार आहे, म्हणून त्या खुर्च्या.

ती कशी आहे ते विचारायचं तुला धाडस होणार नाही, म्हणून तेही सांगून टाकते. चांगली आहे. मी खूप शोधलं, काही सापडलं नाही. कमी बोलते, खरं बोलते, ह्यांच्या लिफ्टच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकते. जुळ्यांनी तिच्यासमोर तोंड घट्ट मिटून ठेवलं होतं, ती दात बघेल म्हणून. मुलगा हसतो तिच्याबरोबर. हे तुला लिहावं की नाही यावर मी फार वेळ घालवला. पण तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, आणि तूही त्याचं वाईट चिंतणारी नाहीस. तुमचं का जमलं नाही ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. दोघं चांगली आणि तरी जमत नाही, असं होतं. कापड चांगलं असतं, अस्तरही चांगलं असतं, आणि एकत्र धुतली की एक आटतं. त्यात दोष कुणाला द्यायचा?

मला काळजी त्याची नाही. तो सावरला. काळजी माझी आहे.

त्याला बायको मिळेल, थोरलीला भावजय मिळेल, सगळ्यांची जागा भरेल. मग तू माझी कोण? ह्याला शब्दच नाही. तुझं ते भांडं एवढंच काय ते ह्या घरात उरलंय, आणि तेही तू परत मागितलंस. म्हणून मी वेळ काढत होते. भरून द्यायचं असतं हे खरं आहे, माझी आई साखर घालायची हेही खरं आहे, पण चिखल झाला त्या दिवशी मला थोडं बरंच वाटलं होतं. चला, आणखी काही दिवस भांडं इथं.

आता दुसरं. सगळ्यांना त्या दिवशी थर हवेत. थोरली म्हणते, जुळी म्हणतात, हेही म्हणतात. तुझं गोड तुझ्या भांड्यात करून मी तिच्यापुढं ठेवू का? तू नको म्हणालीस तर बाजारातून केक आणीन, कुणाला काही कळणार नाही. तुझ्या मनात काय ते मोकळेपणानं लिही. रागावलीस तरी लिही.

तुझी कोण, ते तूच ठरव

*

ता. १४ जुलै

प्रिय भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. त्या दोघांना शुभेच्छा दिल्यास, त्या पोचवल्या. मुलगा म्हणाला, तिला सांग मी आभारी आहे. सांगितलं.

तू लिहिलंस, थर जरूर करा, आणि भांडंही आता परत नको, 'त्यांनाच राहू द्या, त्या घरातलं आहे ते.' वाचलं आणि मला राग आला. महिनाभर मी भांडं द्यायचं नाही म्हणून धडपडत होते, आणि तू एका ओळीत ते सोडून मोकळी झालीस. आधी मागितलंस तेव्हा वाईट वाटलं होतं. पण मागणं बरं, ग. मागणारा माणूस निदान दारात तरी येतो.

आता त्या दिवसाचं ऐक.

थर मी आदल्या दिवशी लावले. टेप काढली नाही. बिस्किट दुधात, लगेच बाहेर, मग क्रीम, मग चॉकलेट, पुन्हा बिस्किटं. तुटकी सगळी कोपऱ्यात दाबली, वर चुरा भुरभुरवला आणि फ्रिजला काम सांगितलं. सकाळी काचेतून बघितलं तर थर सरळ. हे म्हणाले, आता लिफ्ट बरोब्बर मजल्यावर थांबली.

सगळे आले, जेवणं झाली, मी भांडं आणून टेबलावर ठेवलं. तुझ्या वेळी व्हायचा तसाच गलका झाला. आणि त्या गलक्यात ह्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "भिंगरी कुठंय? तिला वाढा की आधी."

ह्यांना कळलं आपण काय बोललो ते, पण बाण सुटला होता. थोरलीनं ताटल्या गोळा करायला घेतल्या, अजून कुणाचं खाऊन झालं नव्हतं तरी. मुलगा खाली बघत होता. तेव्हा त्या डॉक्टरणीनं मला विचारलं, "भिंगरी कोण, आई?"

"माझी सून," मी म्हणाले.

म्हणून झाल्यावर जीभ चावली. 'होती' म्हणायचं राहिलं. घाईत नाही राहिलं, मला म्हणताच आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं, पहिल्याच दिवशी मी पोरीचं मन मोडलं. तिनं ह्यांच्या ताटलीत थर वाढला, मग स्वतः घेतला, आणि दातांच्या डॉक्टरांनी असलं खायचं नसतं असं जुळ्यांना सांगून पुन्हा एकदा घेतला. जुळ्यांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्यासमोर तोंड उघडलं.

सगळे गेल्यावर ती माझ्याबरोबर भांडी घासायला उभी राहिली. नको म्हटलं तरी ऐकेना. सगळी घासून झाली आणि तुझं भांडं तिनं ओट्यावर तसंच ठेवलं होतं.

"हे तुम्ही धुवा, आई," ती म्हणाली. "ते त्यांचं आहे ना? माझ्या हातून फुटलं तर तुम्ही मला काही बोलणार नाही, आणि ते मला जास्त लागेल."

भिंगरी, मला ती तेव्हा आवडली. तुला वाईट वाटेल म्हणून हे लपवणार होते, पण तुला वाईट वाटणार नाही. मी भांडं धुतलं, पुसलं, आणि धुता धुता रडले. ती शेजारी उभी राहून ताटल्या पुसत होती, अगदी सावकाश, एकच ताटली कितीतरी वेळ. तिनं मला दोनदा आई म्हटलं होतं आणि मला आठवत होते तुझे ते नुसते नमस्कार. एक आई म्हणाली म्हणून दुसरीचं म्हणणं कसं चालेनासं होईल? माझ्या पोटी एक मुलगी आहेच, तरी तू आलीस तेव्हा जागा कमी पडली नव्हती. तुला तुझी आई आहे, हेही मला माहीत आहे. मी तिची जागा मागत नाही. माझी माझी मागतेय.

तर आता माझं ऐक. भांडं ह्या घरातलं नाही, तुझं आहे. तिला हवं असेल तर ती तिचं आणेल, आणि त्यात तिला हवं ते करील. तुझं मी परत पाठवतेय, भरून. काल दुपारी लावलेत थर, फक्त तुझ्यासाठी. हे बसनं घेऊन येतायत, मांडीवर धरून. तान्हं मूल घेतात तसं धरायचं, अजिबात कलू द्यायचं नाही, असं बजावलंय. तुझ्या इमारतीची लिफ्ट ऐकत ते दारात उभे राहिले तर त्यांना आधी आत घे. हे पत्र झाकणाला चिकटवलंय. मी मुद्दामच येत नाही. मी आले तर भांडं राहील बाजूला आणि आपण दोघी तुझ्या दारातच रडत बसू, आणि क्रीम वितळेल.

एका कोपऱ्यात दाबलेला तुकडा जरा वर आलाय. तसाच ठेवलाय.

भांडं तुझं आहे, पण नियम माझा आहे, आणि तो तुलाही लागू आहे. भांडं रिकामं द्यायचं नसतं. तू ते खाशील, धुशील, आणि मग त्यात काहीतरी घालून मला आणून द्यावं लागेल. काहीही घाल. काही नसलं तर चमचाभर साखर. मग मी ते पुन्हा भरून पाठवीन. मला चष्म्याचा नंबरही तपासून घ्यायचाय आणि दुसऱ्या दुकानात मी जाणार नाही, म्हणजे एखाद्या वेळी मीच घेऊन येईन. असं चालत राहील. कुणी विचारलं, तुम्ही एकमेकींच्या कोण, तर सांगू, आमचं एक भांडं आहे.

तू वरची जागा मोकळी सोडतेस. मी खालची भरतेय. खोडू नकोस.

तुझी,
आई